सूचनावीर आणि तडतड्या

बियाण्यांच्या गोदामात झाडलोट करणाऱ्या मावशीच्या लेखी जगात दोनच जाती होत्या: कामाचे आणि बिनकामाचे. कामाच्यांत ती स्वतः आणि तिचा तडतड्या. बाकी सगळा आनंदीआनंद! तडतड्या म्हणजे छोट्या चणीचा, राठ केसांचा टेरियर कुत्रा. गोदामाच्या मालकांनी उंदरांसाठी हौसेने आणला, आठवड्याभरात त्याच्या उड्यांना विटले आणि मावशीच्या गळ्यात घातला. "एवढंसं कुत्रं झेपेना, आणि म्हणे मालक," असं ती पाच वर्षांनीही येईल त्याला सांगायची.

पण कुत्रं सांभाळावं तर तिनेच. सकाळी शटर उघडण्याआधी ती त्याला गोदामाभोवती चार फेऱ्या पळवायची, म्हणजे तो पळायचा आणि ही मागून शिव्या घालत चालायची. खाणं ताटलीत कधी दिलं नाही. रिकाम्या पोत्यांच्या ढिगात थोडं थोडं लपवायचं आणि म्हणायचं, "शोध, मेल्या!" कुणी कारण विचारलं की उत्तर तयार असे. "याच्या डोक्याला काम नसलं की हा दाराची चौकट खातो. माणसं दुसऱ्याचं डोकं खातात."

त्याच्या केसांना तिने कात्री लावू दिली नाही. दुपारी डबा खाऊन झाला की त्याला दोन्ही गुडघ्यांत धरायची आणि मेलेले केस चिमटीने उपटत बसायची. तो उंदीर मारून आला की तोंड धुवायचं, कान उलटून बघायचे, पंजात काही रुतलंय का ते चाचपायचं. रस्त्याने कुणी असलंच कुत्रं कडेवर घेऊन चाललेलं दिसलं, की ऐकू जाईल अशा बेताने विचारायची, "पाय मोडलेत का हो बिचाऱ्याचे?"

आणि एक नियम तिने मालकांकडूनही कबूल करून घेतला होता. गोदामात विष ठेवायचं नाही. उंदीर विष खाणार, कुत्रं तो उंदीर खाणार, मग कुत्र्याचंही व्हायचं तेच.

मालक म्हातारे झाले, त्यांनी मॅनेजर नेमला. तिशीतला, कडक इस्त्रीचा, हळू बोलणारा. त्याला एकच हौस, भिंतीवर कागद चिकटवायची. शिडीवर एका वेळी एकानेच चढावे. नळ बंद केल्याची खात्री करावी. मावशीने पहिल्याच महिन्यात त्याचं बारसं केलं: सूचनावीर. हमालांनाही ते नाव आवडलं. एखादा कागद सुटून खाली पडला की मावशी त्याच्यावरच कचरा भरायची, तेही सूचनावीराच्या केबिनसमोर.

"मला वाचता येत नाही असं नाही," ती म्हणायची. "पण लिहिणाऱ्यानं वाचण्यासारखं लिहावं ना!"

एका सोमवारी सूचनावीर स्वतः केबिनबाहेर आला. "मावशी, मागच्या दालनाच्या दारावर लावलंय ते वाचलंत का? महत्त्वाचं आहे."

"वाचलं की साहेब. तोंडपाठ केलंय!"

हमाल खो खो हसले. सूचनावीराचे कान लाल झाले, तो आत गेला. मावशी दिवसभर खुशीत होती.

शुक्रवारी तिने पोत्यांत खाणं लपवलं, "शोध, मेल्या" म्हटलं, आणि तडतड्या उठला नाही. नुसतं शेपूट हललं. "नाटकी मेला," ती म्हणाली. मग त्याच्याजवळ खाली बसली. पाच वर्षांत हा प्राणी झोपेतसुद्धा गप्प पडला नव्हता. तिने त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. मग ज्यांना ती जन्मभर हसली त्यांच्यासारखंच त्याला कडेवर घेतलं आणि जनावरांच्या दवाखान्याकडे पळत सुटली.

डॉक्टरबाईंनी त्याला टेबलावर घेतलं. पोटाजवळचा काळानिळा डाग दाखवला. "आतून रक्त जातंय. उंदराचं विष पोटात गेलंय का?"

"आमच्याकडे विष नसतं. मी ठेवूच देत नाही."

"मावशी, नीट सांगा. रक्त न गोठू देणारं विष असेल तर त्यावर इंजेक्शन आहे. दुसरं कसलं असेल तर उपाय वेगळा. चुकीचं करत बसायला आता वेळ नाही. कुणाला तरी विचारा."

विचारणार कुणाला? तिने मुकाट्याने फोन लावला. पलीकडून सूचनावीराने एकही जादा शब्द न बोलता विषाचं नाव सांगितलं, कधी ठेवलं ते सांगितलं, पाकीट घेऊन निघतो म्हणाला. डॉक्टरबाई नाव ऐकताच इंजेक्शन भरायला लागल्या.

तो आला तेव्हा तडतड्याच्या पायाला सलाइन लागलं होतं. पाकीट त्याने टेबलावर ठेवलं. मावशी त्याच्यावर तुटून पडली. "विष कुणी ठेवायला सांगितलं? जुना नियम होता तो!"

"मालकांनी. गोदामाची तपासणी होती, एकही उंदीर दिसायला नको होता. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. म्हणून दारावर मोठ्या अक्षरांत लावलं, पाच दिवस कुत्रं आत सोडू नका. आणि तुम्हाला येऊन विचारलं. रोज दाराला कडी घातली, रोज कुणीतरी काढत होतं."

कडी मावशीच काढत होती. तडतड्याला आत सोडायला.

"कुत्र्याला वाचता येत नाही हे मला माहीत होतं, मावशी," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला येतं असं तुम्ही म्हणाला होतात."

मावशी वळली आणि सवयीने तडतड्याचे कान उलटून बघायला लागली. टेबलावर तडतड्याचं पोट वर-खाली होत होतं.

"जगेल बहुतेक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण महिनाभर गोळ्या, रोज ठरल्या वेळी. पळणं बंद, उड्या बंद. कसं द्यायचं ते सगळं लिहून देते."

"द्या," मावशी म्हणाली. कागद हातात आला तेव्हा तिने डोळे पुसले, तो सूचनावीरालाही दिसेल असा धरला, आणि त्याच्याकडे न बघता पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली.