लांडग्याचा वाटा

सांगोल्याकडचा मायाप्पा धनगर लांडग्यानं मेंढी धरली तरी काठी घेऊन फार लांब धावत नसे. दोन हाका मारायचा आणि माघारी फिरायचा. म्हणायचा, "न्हेऊ दे. त्येचा वाटा हाय त्यो."

"जावईच की तुमचा!" बायको नागव्वा फणकारायची. "बोळवणीला घोंगडं बी द्या!"

मायाप्पा नुसता हसायचा. त्याच्या बापानं, आज्यानंही हा वाटा दिला होता.

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. त्या चैत्रात लांडग्यानं नागव्वाची माहेराहून आलेली गाभण मेंढी नेली. नागव्वाला अन्न गोड लागेना. बाजारातून कुचल्याची विषारी पूड आणून तिनं ती एका मेलेल्या कोकरात भरली आणि कोकरू माळावर टाकलं. लांडग्यांची जोडी मेली. मायाप्पानं दोघांवर दगड रचले. बायकोला तो शब्दानं बोलला नाही, पण त्या दिवशी जेवलाही नाही.

वर्षभरात कळप चांगला वाढला. "बगा, एक बी गेली न्हाय!" नागव्वा कौतुकानं सांगायची.

मग एक मेंढी खोकू लागली. अशी मागं रेंगाळणारी मेंढी पूर्वी लांडगाच उचलायचा. आजारी जनावर स्वतःच्या हातानं कळपातून काढायची वेळ या घरावर कधी आलीच नव्हती. नागव्वाचा जीव मोठा मायेचा. तिनं मेंढीला मेंढरांच्या वाड्यात मधोमध उबेला घेतलं, कण्या भरवल्या. आठवड्यात आणखी पाच-सहा खोकू लागल्या.

"हिला भाईर काढाय पायजे," मायाप्पा म्हणाला.

"काढा की मग."

त्यानं मेंढीच्या गळ्यात हात घातला आणि तसाच बसून राहिला.

पावसाळ्यापर्यंत चार मेंढ्या उरल्या. त्यांतली एक खोकत होतीच.

"अवो, मला एकदा शिव्या तरी द्या," नागव्वा म्हणाली.

"शिव्यांनी मेंढरं माघारी येत्यात व्हय?"

ती उठली. खोकणाऱ्या मेंढीला दूर माळावर सोडून, मागं न बघता परतली.

सकाळी राहवेना म्हणून बघायला गेली. मेंढी तिथंच उभी होती. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. नागव्वाला पाहताच ती ओरडत, खोकत तिच्या मागोमाग वाड्यापर्यंत आली.

मायाप्पानं वाड्याच्या तोंडाची काटेरी फांदी हातात धरली होती. ती बाजूला करावी की तशीच राहू द्यावी, त्याला कळेना. नागव्वालाही सांगता येईना.