स्पीड कमी करू का, सर?

अपंगांना वापरता येईल असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये किस्से साठतात ते ओट्याखालच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. मित्र जमले की मी त्यातले चार बाहेर काढतो आणि सगळे खो खो हसतात. हल्ली मला हसू येत नाही, पण सांगायची खोड काही जात नाही.

हिंजवडीतली कंपनी, अमेरिकेतला क्लायंट. तिकडे कायद्याचा बडगा, म्हणून इकडे आमची पाच जणांची टीम. मी टीम लीड. आणि सॉफ्टवेअर तपासायला वैशाली मेश्राम. गोंदियाची, जन्मापासून अंध. स्वारगेटहून कंपनीच्या बसने यायची. होती मात्र कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे कंपनीच्या कर्मचाऱ्यांत न मोजलेली. दर सहा महिन्यांनी मुदत वाढायची आणि दर सहा महिन्यांनी तिचे वडील फोनवर विचारायचे, "पर्मनंट झाली का? नाहीतर ये परत." गोंदियात तिच्यासाठी असलं काम नव्हतं. तिला पर्मनंट व्हायचं होतं आणि पुण्यात राहायचं होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

*

पहिल्याच दिवशीची गंमत. वैशालीचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं तिला इंग्रजीत वाचून दाखवायचा, आणि तेही इतक्या वेगात, की आम्हाला नुसती भुणभुण ऐकू यायची.

"स्पीड कमी करू का, सर?" तिनं विचारलं आणि केला.

माझं नाव ज्ञानेश. इंग्रजी स्पेलिंग डी, एन, वाय वगैरे. यंत्र ठणठणीत आवाजात म्हणालं, "डिनयानेश!"

अख्खा मजला हसला. तेव्हापासून ऑफिसात मी डिनयानेश.

"काऊन चिडता जी?" वैशाली म्हणाली. "माझं मेशरॅम करते ते. मी भांडते का त्याच्याशी?"

*

एका पानावर सात बटणं होती आणि एकालाही नाव दिलेलं नव्हतं. वैशालीचं यंत्र नुसतं "बटन, बटन, बटन" म्हणत सुटायचं. यातलं खातं उघडायचं कोणतं आणि बंद करायचं कोणतं, कळायला मार्ग नाही. तिनं चुकांच्या यादीत हा बग नोंदवला. ते पान बनवणाऱ्या समीरनं शेरा मारला, 'रिप्रोड्यूस होत नाही.' म्हणजे माझ्याकडे सगळं छान चालतंय, तुझं तू बघ.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा वैशाली उठून त्याच्या टेबलापाशी गेली.

"माऊस बाजूला ठेवा. ठेवला? आता डोळे मिटा."

समीरनं मिटले.

"झालं ना रिप्रोड्यूस?"

तो बग दुरुस्त झाला. बाकीच्यांचं नशीब एवढं थोर नव्हतं. दर शुक्रवारी यादी मोकळी करायचं काम माझ्याकडे होतं. क्लायंटनं विचारलं नसेल तर बग दुरुस्त न करताच बंद. चहा थंड व्हायच्या आत मी ढीगभर बग बंद करायचो आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळायची!

*

अमेरिकेहून पाहुणे येणार होते. आमचे मॅनेजर रानडे सर आदल्या दिवशी वैशालीपाशी घुटमळले.

"उद्या जरा काळा गॉगल घालून येशील का? काय आहे, तू तशी वाटत नाहीस. पाहुण्यांना पटकन कळायला हवं."

"तशी म्हणजे कशी, सर?"

"म्हणजे... अंध दिसत नाहीस."

"मला तर तुम्हीपण मॅनेजर दिसत नाही," वैशाली म्हणाली.

रानडे सर हसले नाहीत. त्या सहामाहीत तिच्या कामाला 'ठीक' असा शेरा मिळाला.

*

मग आमच्या टीमला बक्षीस मिळालं. सर्वांना सामावून घेणारी टीम म्हणून! समारंभाचं आमंत्रण ईमेलनं आलं. रंगीत, फुलाफुलांचं, अख्खं एक चित्र. समारंभाला वैशाली नव्हती. तिच्या वतीनं ढाल रानडे सरांनी घेतली आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ते तिला म्हणाले, "अगं, आमंत्रण मिळालं नाही का?"

"मिळालं ना. यंत्र म्हणालं, 'इमेज'. कुठे यायचं, कधी यायचं, ते काही बोललं नाही."

आमंत्रण मीही पाहिलं होतं. कोणीतरी सांगेल तिला, असं मला वाटलं होतं. टीममधल्या प्रत्येकाला तसंच वाटलं होतं.

*

शेवटी एकदाची पर्मनंटची जागा निघाली. अनुभव, काम, सगळं वैशालीसाठीच मोजून लिहिल्यासारखं. अर्ज फक्त कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर, शुक्रवारी पाचपर्यंत. तिनं अर्ज भरत आणला. शेवटी एक कोडं होतं. आपण माणूस आहोत, यंत्र नाही, हे सिद्ध करायला चित्राचा तुकडा माऊसनं ओढून जागेवर बसवायचा. आणि त्याखाली खूण करायची होती, 'हा अर्ज मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय भरला आहे.'

एचआरवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, "कोणाची तरी मदत घ्या ना!"

"आणि खाली खूण करू?"

"सगळेच करतात हो."

मी तिच्या टेबलाशी गेलो. "आण इकडे, मी बसवतो तुकडा. कर खूण. कोण बघतंय!"

"बघत तर मीपण नाही, सर," ती म्हणाली. "पण पर्मनंटच्या पहिल्याच कागदावर खोटं काऊन लिहू? कोडं काढायला सांगा ना त्यांना. दोन मिनिटांचं काम आहे."

मी सांगितलं. दोन मिनिटांच्या कामाला मंजुरी लागत होती, आणि मंजुरी देणारे रजेवर होते. पाच वाजले आणि पोर्टल बंद झालं.

सोमवारी एचआरच्या बाई म्हणाल्या, "मेश्रामांचा अर्जच नाही. इंटरेस्टेड नसतील."

कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. या वेळी ते वाढलं नाही. 'तशी गरज उरलेली नाही' म्हणे.

*

शेवटच्या दिवशी केक आणला. रानडे सर म्हणाले, "वैशाली, चार शब्द बोल."

"माझ्यापेक्षा हेच चांगलं बोलते," ती म्हणाली, आणि तिनं लॅपटॉपला स्पीकर लावला. दीड वर्षापूर्वीचा एक बग उघडला. यंत्र भुणभुणत सुटलं, सगळे हसले.

तिनं माझ्या दिशेनं मान वळवली. "स्पीड कमी करू का, सर?"

आणि केला. यंत्र सावकाश वाचू लागलं. इंग्रजीतच, मी मराठीत सांगतो.

"बग. अंतर्गत पोर्टलवरच्या अर्जातलं कोडं अंध व्यक्तीला सोडवता येत नाही. नोंदवणारी, वैशाली मेशरॅम. सद्यःस्थिती, बंद. कारण, हे पोर्टल फक्त आपले कर्मचारी वापरतात. आपल्या कर्मचाऱ्यांत अंध कोणी नाही. बंद करणारा, डिनयानेश."

नाव आल्याबरोबर सगळे नेहमीसारखे हसले.

"बरोबर वाचलं ना, सर?" वैशालीनं विचारलं.