हयातीचा पेला

गल्लीतले लोक म्हणत, पडताळणीबाई जिन्याशी दिसल्या की घरातल्या म्हाताऱ्यांनी आधी मोठ्याने खोकून घ्यावं. नाहीतर बाई उभ्या उभ्या खोडून टाकतील. या थट्टेत थोडे भयही होते. बाई पेन्शन कचेरीत होत्या. ज्यांना कचेरीपर्यंत येववत नसे त्यांच्या घरी वर्षातून एकदा जायचे, माणूस हयात असल्याची खात्री करायची आणि दाखल्यावर सही करायची, हे त्यांचे काम. ती सही झाली नाही, तर पुढच्या महिन्यापासून पैसे बंद.

खात्री करण्याची त्यांची स्वतःची एक रीत होती. फोटोवर त्यांचा भरवसा नव्हता, लेकीसुनांच्या शब्दावर तर मुळीच नव्हता. त्या दारात उभ्या राहून पाणी मागत. पेन्शनराने स्वतःच्या हाताने पेला द्यायचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने पेल्याला नुसते बोट लावले तरी चाले. चेहरे बदलतात, हात बदलत नाहीत, असे त्या नव्या कारकुनांना सांगत. एकतीस वर्षांत या रीतीने त्यांना दगा दिला नव्हता.

एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला दोघी बहिणी राहत. थोरली टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. धाकटीने आईवडिलांची दुखणी काढली आणि जन्मभर घरी बसून लोकांचे कपडे शिवले. तिला पेन्शन नव्हती, त्यामुळे तिची पडताळणीही कोणी करत नसे. थोरलीला उजेड सोसेनासा झाल्यापासून दार साखळीपुरतेच उघडे. आतून आवाज येई, "नंबर सांगा." ही तिची नोकरीतली जुनी थट्टा. बाई दाखल्याचा क्रमांक सांगत, फटीतून पेला बाहेर येई, बाई पाणी पिऊन सही करत. बोळातला दिवा गेला होता. चार वर्षे तो कोणी बदलला नाही, आणि तिथे भर दिवसाही अंधार असे.

बाईंच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका दुपारी त्या तिथे गेल्या, तेव्हा बोळात नवा दिवा होता. आतून आवाज आला. तेच दोन शब्द, तोच सूर, चार वर्षांत जराही न थकलेला. पेला बाहेर आला आणि बाईंना ते बोट दिसले. सुया टोचून टोचून त्याच्या टोकाची चाळणी झाली होती. टेलिफोनवालीने आयुष्यात सुई धरली नव्हती. गुंडी तुटली तरी ती धाकटीला हाक मारी, हे बाईंनी पूर्वी याच दारात ऐकले होते.

बाईंनी पेला घेतला नाही. धाकट्या मावशी कुठे आहेत, असे विचारले.

तोच टेलिफोनवरचा आवाज म्हणाला, "ती चार वर्षांपूर्वीच गेली."

साखळी निघाली. आत धाकटी उभी होती, डोळ्यांवर थोरलीचा चष्मा. टेबलाशी दोन खुर्च्या, दोन ताटल्या. दोन्ही ताटल्यांतले खरकटे ताजे होते. परक्या कोणाची हकिकत सांगावी तसे तिने सारे सांगितले. थोरली झोपेतच गेली होती. डॉक्टरांनी गेलेल्या बाईचे नाव विचारले, तेव्हा हिने स्वतःचे सांगितले. पेन्शन थोरलीची, हिच्या जिवंत असण्याला कागदावर कवडीची किंमत नव्हती. म्हणून मरणाच्या नोंदीत धाकटी गेली आणि खोलीत थोरली उरली.

बाई सही करून जिना उतरल्या असत्या, तर कोणाला काही कळले नसते. खरे लिहिले, तर आधीच्या चार सह्या खोट्या ठरणार होत्या आणि जिच्याकडे डोळे लावून नोकरी काढली ती त्यांची स्वतःची पेन्शन अडकणार होती. त्यांच्याही मागेपुढे कोणी नव्हते. त्यांनी पेनाचे टोपण काढले, तशाच थांबल्या.

"करा की सही, बाई," धाकटी म्हणाली. "एका सहीवर दोघी जगतोय आम्ही."

बाईंनी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली.

तिने मान वळवून रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. खुर्ची काय उत्तर देते, याची ती वाट पाहत राहिली. आणि क्षणभर बाईही पाहत राहिल्या.

थोरलीचा दाखला कोराच राहिला. त्याच टेबलाशी बसून बाईंनी आपली चूक लिहून काढली. पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्यांना जो तुटपुंजा भत्ता मिळतो, त्याचा अर्ज त्यांनी धाकटीच्या नावाने भरला. मेलेले नाव जिवंत करायला कचेरीला अकरा महिने लागले. तोवर त्या घरातले अन्न बाईंच्या डब्यातून गेले. चार वर्षांची रक्कम कचेरी अजूनही बाईंच्या पेन्शनमधून कापते.

गल्ली आता म्हणते, बाईंनी शेवटी स्वतःलाच खोडलं. काम सुटले तरी वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, त्या तिसऱ्या मजल्यावर जातात. दार सताड उघडे असते. "नंबर सांगा" आता कोणी म्हणत नाही. तरी पेला हातात येईपर्यंत बाई दुसऱ्या खुर्चीकडे पाहत नाहीत.

शेजारीण एकदा म्हणाली, दोनच महिने तर राहिले होते, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? बाई म्हणाल्या, "पाणी जिनं दिलं, तिचं नाव लिहिलं. त्यात गप्प काय बसायचं?"