कुंपणापलीकडचा दुसरा आवाज

सिडनीत पॅरामॅटाच्या बेकरीत लोणी करपल्याचा वास आला की मला लॉकडाऊनमधली अ‍ॅनिक आठवते. तिथल्याच ब्लॅकटाउन उपनगरात आमच्या शेजारी एकटी राहणारी ही म्हातारी तरुणपणी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गावोगावच्या नाचांना गायची.

तेव्हा घरी पाहुणे आणायला बंदी होती. तरी रोज दुपारी कुंपणापलीकडून दोन आवाज यायचे. अ‍ॅनिकची ओळ संपते न संपते तोच दुसरी बाई झील धरायची. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी तीन दिवस कान लावला. दारात गाडी नाही, कुणी येता-जाताना दिसत नाही. मग लपवलंय कुणाला? ऑस्ट्रेलियात कायम राहण्याच्या परवान्याचा, पीआरचा, आमचा अर्ज अडकलेला, शेजारच्या भानगडीत आमचं नाव यायला नको. चौथ्या दिवशी मी पोलिसांना फोन केला.

त्यांना आत फक्त टेपरेकॉर्डर सापडला. अ‍ॅनिक आणि तिची धाकटी बहीण आयुष्यभर जोडीने गायल्या होत्या. धाकटीने मरण्याआधी आपल्या वाटच्या ओळी टेप करून ठेवल्या होत्या.

संध्याकाळी अ‍ॅनिकने कुंपणावरून लोण्याचा गरम केक दिला, कडा करपलेला. फोन कुणी केला हे तिला कळलं होतं, असा मला अजून संशय आहे. ती एवढंच म्हणाली, "कुणाला तरी वाटलं, मी एकटी नाही. बरं वाटलं गं."