मोगरा बहरात आढळला

मंदा गेल्याचं तिच्या सुनेने सकाळी फोनवर सांगितलं. मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा मटार सोलायला बसले. वाटीभर दाणे झाल्यावर कुठे ते डोक्यात शिरलं... त्याला आता दीड महिना झाला.

गोराईच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी लग्न करून खाडीच्या अलीकडे बोरिवलीला आले, सरकारी कचेरीत चिकटले. ती पलीकडेच राहिली, सासऱ्यांच्या मोगऱ्याच्या बागेत. पहाटे खुडलेल्या कळ्या पहिल्या बोटीने बोरिवलीच्या बाजारात पोचवायच्या, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. मग टाळेबंदी आली. देवळं बंद, लग्नं बिनगजऱ्याची. मोगऱ्याला मात्र हे कोणी कळवलं नव्हतं, तो आपला फुलतच राहिला. मंदा रोज पहाटे कळ्या खुडायची आणि ओहोटी लागली की टोपली खाडीत रिकामी करायची. खुडलं नाही तर झाड रुसतं, एवढंच तिचं म्हणणं. पाणी पांढरं होऊन हळूहळू समुद्राकडे जातं, असं फोनवर सांगायची. मी बोरिवलीत खिडकीशी बसून डोळे मिटायचे आणि मला खरंच वास यायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच. त्यात विहिरीवरचा पंप जळला, आणि पंप नाही तर अर्धी बाग वाळणार हे दिसत होतं. तेवढ्यात टाळेबंदीत बुडालेल्या फुलबागांना सरकारची मदत जाहीर झाली. अर्ज मीच भरला. आयुष्यभर दुसरं केलं काय? पाहणीच्या दिवशी मुद्दाम गेले. बोटीत मी आणि बोटवाला, दोघंच. खाडी इतकी शांत, की खोकायलाही संकोच वाटत होता... पाहणीला आलेले कृषी खात्याचे साहेब बागेत ओळीओळीतून फिरले. कुठे वाळकं फूल नाही, खाली पाकळी नाही. त्यांनी मास्क खाली करून मोठा श्वास घेतला आणि विचारलं, नुकसान कुठे आहे? खाडीत, मंदा म्हणाली. माणूस भला होता. आठ दिवस खुडू नका, फुलं झाडावर सुकू द्या, सोमवारी येऊन फोटो काढतो, असं सांगून गेला.

सोमवारी मी पोचले तर बाग लख्ख.

“चार दिवस हात आवरून बसले गं,” मंदा म्हणाली. “पाचव्या दिवशी नाय राहवलं.”

“येडी आहेस तू. पंपाची वाट लावलीस.”

“असू दे ना. पाणी मी ओढीन.”

नामंजुरीचं पत्र आलं. मी अपिलाचा मसुदा करून नेला, नुसती सही कर म्हटलं. चांगल्या बागेला वाईट म्हणून सही करणार नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. मी महिनाभर बोलले नाही तिच्याशी. पुढचे दोन उन्हाळे तिने कळशीने पाणी घातलं, तरी अर्धी बाग गेली. उरलेली तिने शेवटपर्यंत फुलती ठेवली. त्या कळशीनेच तिला थकवलं असं मला वाटतं, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

परवा तिच्या घरी गेले होते. तिच्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी एक कागद फ्रेम करून टांगलेला. आईंनी स्वतः करून घेतली ही फ्रेम, सून म्हणाली. मी चष्मा लावला. ‘पाहणीच्या वेळी मोगरा निरोगी व बहरात आढळला.’ त्याखाली लगेच सही आणि गोल शिक्का. मदत नाकारल्याची ओळ दिसेना. फ्रेम उतरवून जवळ धरली, तेव्हा कळलं... साडीची निरी घालावी तशी कागदाला बारीक चूण घालून मंदाने ती एक ओळ आत दडवली होती.

“कसलं हो हे, काकू?” सुनेने विचारलं.

“तुझ्या सासूला सरकारने दिलेलं प्रशस्तिपत्र आहे,” मी म्हटलं. “जपून ठेव.”