मलावीचं मस्टर

१४ मार्च २०२२ रोजी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका फाउंडेशनच्या खात्यातून मलावी देशातल्या लिलाँग्वे शहरी दोन लाख सत्याऐंशी हजार चारशे साठ दिरहॅम गेले. रुपयांत साठ लाखांना थोडे कमी, असं गुणवंतराव सोनटक्के सवयीने पुटपुटले आणि त्यांनी व्हाउचरवर सही केली.

हे फाउंडेशन आफ्रिकेतल्या शिक्षणविषयक संशोधनाला पैसे देई आणि गुणवंतराव तिथे फायनान्स मॅनेजर होते. सोलापूरचे बी.कॉम. अमिरातीत सव्वीस वर्षं झालेली. आधी अबुधाबीत एका कंत्राटदाराकडे, मग इथे. कागदाशिवाय पैसा सोडायचा नाही ही त्यांची ख्याती होती. घरी कोथिंबिरीचं बिलसुद्धा मागत. छायाताई म्हणत, "माझ्या वडिलांकडे तेवढी कन्यादानाची पावती मागायची राहिली."

ते साठ लाख डॉ. चिकोंडी म्वाले यांच्या छोट्या संशोधन केंद्राला गेले होते. खेड्यांतल्या शाळांमधली दुसरीची अकराशे शहाऐंशी मुलं त्यांनी निवडली होती. दर जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून एक पान वाचून घ्यायचं, असं चार वर्षं, तीच मुलं पाचवीत जाईपर्यंत. पोरं वाचायला शिकतात की नुसतं पाठ म्हणायला, हे त्यातून कळणार होतं. पण चारही वर्षं झाली तरच. बाईंनी अर्जात सरळ लिहिलं होतं, "चौथं वाचन झालं नाही, तर पहिल्या तिन्हींचा उपयोग नाही."

पहिलं वाचन झालं आणि गुणवंतरावांनी एकतीस हजार दोनशे दिरहॅमचा खर्च नामंजूर केला. पावत्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन आला. इंग्रजी स्पष्ट, आवाज तापलेला.

"मिस्टर गुण, माझी माणसं सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत जातात. त्या सायकलवाल्याला पावतीपुस्तक मी छापून देऊ का? आणि जिने त्यांना रांधून घातलं, तिला टॅक्स नंबर?"

"नियम आहे, मॅडम."

"ते पैसे मी माझ्या लोकांच्या पगारातून कापले. तेही नियमात लिहून घ्या."

फोन ठेवल्यावर गुणवंतराव बराच वेळ स्टेपलर उघडत-मिटत बसले. त्यांना बहात्तर साल आठवलं. त्यांचे वडील भिवा सोनटक्के दुष्काळी कामावर हजेरी कारकून होते. खडी फोडणारी शेकडो माणसं, सही येणारं एखादंच. वडिलांचं मस्टर असे: नाव, काम, दर, रक्कम आणि पुढे अंगठा. तळाशी गावातल्या दोन पंचांच्या सह्या. सात वर्षांचा गुणवंत शाईचा पॅड धरून शेजारी उभा राही. वडील म्हणायचे, "अंगठा खोटं बोलत नाही रे. खोटं बोलतो तो वर लिहिणारा."

पुढच्या जानेवारीत चिकोंडीबाई एका परिषदेसाठी दुबईला आल्या. गुणवंतरावांनी त्यांना जेवायला बोलावलं. गाडी रास अल खोरच्या गॅरेजमध्ये पडलेली, म्हणून दोघं टॅक्सीने कुसैसला घरी गेले. मीटर झालं त्रेचाळीस दिरहॅम. टॅक्सीतलं कार्डाचं मशीन बंद आणि गुणवंतरावांच्या खिशात पाचशेची एकच नोट. ड्रायव्हर ती घेईना. बाईंनीच पर्स उघडून पैसे दिले.

"वर गेल्यावर देतो," गुणवंतराव ओशाळून म्हणाले. "त्रेचाळीस. म्हणजे आमचे साडेनऊशे रुपये."

वर निखिल आधीच येऊन बसला होता. पुण्याच्या जुन्या शेजाऱ्यांचा हा मुलगा. एमबीए करून व्हिजिट व्हिसावर आला, तेव्हा पाच महिने सोनटक्क्यांच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपला होता. गुणवंतरावांनीच त्याला फाउंडेशनमध्ये चिकटवलं. आता तो तिथे प्रोग्रॅम हेड होता, म्हणजे कागदोपत्री त्यांचा वरिष्ठ; पण घरात काका-काकूंचा निख्या.

छायाताईंनी पिठलं-भाकरी केली होती. बाईंनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि हसून म्हणाल्या, "आमच्याकडे मक्याचं असंच हाताने खातात. तुम्हीही काटे-चमचे पाहुण्यांपुरतेच काढता तर!"

जेवता जेवता गुणवंतरावांनी वडिलांचं मस्टर समजावून सांगितलं. एक रिकामं पाकीट घेऊन त्याच्या मागे रकाने आखले. पंच म्हणून शाळेचे हेडमास्तर आणि गावचा एक वडीलधारा. चिकोंडीबाई जेवायच्या थांबल्या.

"मिस्टर गुण, हे तुम्ही मला एक वर्ष आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुम्ही इतक्या रागावल्या नव्हतात."

सगळे हसले. गुणवंतरावांनी निखिलकडे पाहिलं. "काय रे, चालेल?"

"काका, एकदम सॉलिड. यल्ला, चला, करून टाका. बोर्डाचं मी बघतो."

त्यांची मुलगी ईश्वरी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, गेट इट ऑन ईमेल."

"अगं, घरच्या माणसाकडे कागद मागतात का?"

"यू आस्क मम्मी फॉर कोथिंबीर बिल्स."

पुन्हा हशा झाला. निखिल तर सगळ्यात मोठ्याने हसला. या गडबडीत टॅक्सीचे पैसे द्यायचे राहून गेले. ईमेलही राहिलं.

मग दोन जून महिने मस्टर आलं. खोके भरून आलं. पहिले तीनशे अंगठे गुणवंतरावांनी भिंग घेऊन तपासले, पुढे भिंग लागेना. एका सायकलवाल्याच्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, छापात पांढरी रेघ उमटे. दुसऱ्या वर्षी तीच रेघ पुन्हा दिसली, तेव्हा गुणवंतराव शिपायाला हाक मारून म्हणाले, "जमाल, हा बघ, आपला माणूस परत आला!" जमाल राजापूरकडचा, ऑफिसची गाडीही तोच चालवी. त्याने वाकून पाहिलं. "साहेब, बँकेतल्या सह्या तुम्ही एवढ्या प्रेमानं बघत नाही."

बोर्डाच्या वार्षिक अहवालात निखिलने या पद्धतीचा फोटोसकट गौरव केला. नाव तेवढं दिलं नव्हतं. गुणवंतरावांना त्याचं काही वाटलं नाही. घरचाच मुलगा.

मार्च २०२५. चौथ्या वाचनाचा हप्ता सुटायचा होता. निखिल केबिनमध्ये आला, दार लावून घेतलं.

"काका, रूटीन आहे. बोर्डाला फायनान्सची एक नोट हवी. फक्त फॅक्ट. मलावीच्या फील्ड खर्चाच्या मूळ छापील पावत्या उपलब्ध आहेत की नाहीत."

"नाहीत. मस्टर आहे."

"तेच लिहा. मस्टर सहपत्र म्हणून जोडा. मी लावतो ना पुढे."

"हप्ता अडणार नाही ना?"

"इन्शाल्ला काही होत नाही. आणि काका, मेअखेरीला तुम्ही रिटायर होताय. तुमची ग्रॅच्युइटीची फाइल त्याच मीटिंगला आहे. उगाच पेंडिंग कशाला ठेवायचं?"

शेवटचं वाक्य गुणवंतरावांना खटकलं. खटकलं, पण त्यांनी त्याचा अर्थ लावायचं टाळलं. नोट खरी होती. खोटं लिहायचं नाही आणि स्वतःचं काही अडूही द्यायचं नाही, असा मधला रस्ता सापडल्याचं त्यांना समाधानच वाटलं. त्यांनी एका पानावर लिहिलं: मूळ छापील पावत्या उपलब्ध नाहीत. सही पानाच्या तळाशी केली. अंगठ्यांची हजेरीपत्रकं सोबत जोडली आहेत, सहपत्र एक ते तीन, हे वर लावायच्या पत्रावर टाइप केलं होतं, आणि ते पत्र निखिलकडे होतं.

मीटिंगच्या दिवशी दुपारी जमाल किल्ली परत करायला आला.

"साहेब, तुमचे अंगठ्यांचे खोके रास अल खोरच्या गोडाऊनला टाकून आलो. निखिल सरांनी सकाळी आठलाच न्यायला सांगितले."

"सकाळी? मीटिंग तर अकराला होती."

जमाल खाली बघत म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

चार दिवसांनी चिकोंडीबाईंचा फोन आला. या वेळी आवाज तापलेला नव्हता.

"मिस्टर गुण, मला एक पान आलंय. पावत्या नाहीत, म्हणून करार रद्द. चौथं वाचन तुमच्या इथलीच एक सल्लागार कंपनी करणार. तीन देश, चारशे शाळा, टॅब्लेटवर. आमची मुलं त्यांच्या यादीत नाहीत, त्यांना नवी मुलं सोपी जातात. पानावरची सही तुमची आहे?"

"मॅडम, त्याला सहपत्रं होती. तीन खोके..."

"सही तुमची आहे का?"

"आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ती सल्लागार कंपनी फाउंडेशनपासून दोन टॉवर पलीकडे होती. त्यांच्या कागदावर सल्लागार मंडळात निखिलचं नाव छापून आलं होतं. गुणवंतराव त्याच्या केबिनमध्ये गेले, उभेच राहिले.

"तू माझ्या घरी, माझ्या ताटावर बसून हो म्हणालास."

"काका, बसा ना."

"हो म्हणालास की नाही?"

निखिलने लॅपटॉप अर्धा मिटला. "म्हणालो असेन. पण डिनर टेबलवरचं अप्रूव्हल? तुम्हीच सांगा, असा कागद माझ्याकडून तुमच्यासमोर आला असता तर तुम्ही पास केला असता?"

एकवीस हजार व्हाउचरं गुणवंतरावांनी नेमकं हेच विचारून परत पाठवली होती.

"मुलांची पाचवी झाली की ती पांगतील रे. तीन वर्षांचं काम मातीत जाईल."

"त्यांचा जुना डेटा आम्ही घेतोय ना. करारात फाउंडेशनचा हक्क आहे." मग जरा हळू आवाजात, "काकूंना यातलं काही सांगू नका. त्यांना उगाच त्रास होईल."

गुणवंतरावांनी घरी असलेल्या स्कॅन प्रती जोडून विश्वस्तांना स्वतः ईमेल केलं. दोन वर्षांचं मस्टर, पान न पान. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: पावत्या नसल्याची नोंद आपल्याच सहीची आहे; आपण आपल्याच नोंदीविरुद्ध लिहीत आहात का? विषय बंद.

छायाताईंना कळलंच. त्या निखिलवर चिडतील असं गुणवंतरावांना वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यानं तुम्हाला फसवलं, कबूल. पण त्या बाईला कुणी फसवलं? निख्यानं नाही. तिचा त्याच्यावर विश्वासच कुठे होता?"

मेअखेरीला निरोप समारंभ झाला. केक होता, समोसे होते. निखिलने भाषण केलं, "मी काकांच्या सोफ्यावर मोठा झालो," असं तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रॅच्युइटी पूर्ण मिळाली, एक फिल्सही कमी नाही. गुणवंतरावांनी पोच लिहून दिली.

जून उजाडला. लिलाँग्वेकडच्या खेड्यांत त्या वर्षी कुणी सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत गेलं नाही. भारतात परतायच्या सामानाची आवराआवर करताना गुणवंतरावांना जुन्या जानेवारीचं पाकीट सापडलं, मागे मस्टरचे रकाने आखलेलं. त्याच्या कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात होतं: टॅक्सी ४३, डॉ. म्वाले, देणे.

ते त्याच दुपारी मनी एक्स्चेंजमध्ये गेले. पाठवायचं शुल्कच वीस दिरहॅम होतं, वर घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि बँकेचा तपशील लागत होता. त्यांनी बाहेर बाकावर बसून बाईंना मेसेज लिहिला. सहपत्रांबद्दल लिहिलं, मग पुसलं. माफीबद्दल लिहिलं, तेही पुसलं. शेवटी एवढंच ठेवलं: "मॅडम, जानेवारी २०२३ मधले टॅक्सीचे त्रेचाळीस दिरहॅम मी आपल्याला देणे लागतो. कृपया खाते क्रमांक कळवावा."

तासाभराने उत्तर आलं.

"पावती आहे का?"

त्यानंतर त्यांनी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. खाते क्रमांक मिळालेला नाही, आणि त्रेचाळीस दिरहॅम अजून देणे आहेत.