नकाशातलं चौथं घर

डोळखांबच्या वरच्या अंगाला पाड्यावर राहणाऱ्या कोंडूबाबाला अक्षर वाचता येत नाही, पण जमिनीचा उतार त्याला विचारावा. भाताचा बांध कुठं फोडला की पाणी कुठल्या खाचरात जाईल, हे तो नुसतं उभं राहून सांगतो. सत्तरी आली, त्याचा अंदाज कधी चुकला नाही. आसपासच्या पाड्यांवरून लोक मुद्दाम त्याला न्यायला येतात.

म्हणून नळयोजनेची टाकी कुठं बांधणार ते कळलं, तसा म्हातारा तिरमिरीत उठला. टाकी पाड्याच्या खाली!

"साहेब, पानी आपोआप वर चढत नाय हो."

योजनेच्या साहेबाने नकाशा पुढे केला. त्यावर उंचीच्या रेषा होत्या. "बाबा, यात तुमचा पाडाच टाकीच्या खाली आहे."

घ्या! समोर डोळ्यांनी पाडा वर दिसतोय, आणि हा गृहस्थ कागदात बघतोय.

टाकी झाली. नारळ फुटला, फोटो निघाले, नळाला नुसती हवा. कोंडूबाबाची सून भूमिका हिला सातवा महिना लागलाय, तरी ती दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन ओढ्यापासून चढ चढते. ते बघून म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड होतो, आणि का होऊ नये?

परवा साहेब पुन्हा आला. चूक कबूल करायला? छे!

"उंची नकाशाप्रमाणे बरोबर आहे. तुम्हीच पाडा खाली हलवा, नळ लगेच चालू होईल."

कोंडूबाबाने नकाशा हिसकावून घेतला. "आमचा पाडा दाखवा यात."

साहेबाने ओढ्याकाठचे सहा काळे चौकोन दाखवले. म्हातारा नकाशावर वाकला. जागा त्याने ओळखली. चाळीस वर्षांपूर्वी भरदुपारी पूर आला, ती सहाही घरं गेली, मग उरलेली माणसं वर येऊन राहिली. नकाशावाले त्यानंतर कधी फिरकलेच नाहीत.

त्याने चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ह्ये माझं घर. अजून हाय ना इथं?"

"नकाशात आहे," साहेब म्हणाला.

"मंग माझी बारकी पन आत असंल. पाच वर्षांची पोर, पुरात गेली. हाक मारा तिला. ती भायेर आली की आमी येतो खाली ऱ्हायला."